बिनपायाची अळी

बाईंनी पिशवीतून लोणच्याची काचेची बाटली काढली आणि सरांच्या टेबलावर, मायक्रोस्कोपला अगदी खेटून ठेवली. लाल झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेली होती. आत लाकडाच्या भुशात बोटाएवढी जाड, पांढुरकी अळी अंग आखडून पडली होती.

"बुंध्यातसून काढलंय," बाई म्हणाल्या. "जिती आसा. आता सांगा, ह्यो कसलो किडो?"

"बसा आधी," सर म्हणाले. "कुठून आलात? नाव काय?"

"द्वारका राऊळ. धामणखोलसून इलंय. बसाक वेळ नाय. आमच्या गावाक एक गाडी सकाळची, एक सांजची."

मी दाराजवळ उभी होते. धाकट्या भावाचं लग्न होतं आणि मला दुपारच्या गाडीने कोल्हापूरला निघायचं होतं. बॅग भरून तयार होती, पण बाईंच्या आवाजात असं काही होतं की पाय निघेना. चाळिशीच्या आसपासच्या, उन्हाने रापलेल्या, काटक बाई. नवरा गोव्यात खाणीवर ट्रक चालवत होता. काजूची बाग त्यांनी एकटीने लावली होती. कातळाच्या सड्यावर पाणी नाही, म्हणून पहिली दोन वर्षं खालच्या ओढ्यातून कळशीने पाणी नेऊन घातलेलं. हे सगळं त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं.

"पानं पिवळी पडतायत?" सरांनी विचारलं.

"पडतत. चार झाडां तर पार सुकली."

"आणि भुसा? भुसा कुठे दिसतो?"

"बुडात. मुळाशी रोज ढीग पडता."

सरांनी मान हलवली. "बाटली ठेवून जा. या आमच्या उल्काबाई लग्नाहून परत आल्या की या अळीचं चित्र काढतील. मग मी नक्की काय ते सांगतो. पोस्टकार्ड टाकेन."

"चित्र कित्याक?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. "किडो तुमच्या समोर आसा नि तुम्ही चित्र बघून सांगतलात? असो बघून तुमका कळणा नाय काय?"

मला हसू आलं. सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला आणि बाटली पुढे ओढली.

"उल्का," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझी गाडी चुकेल."

मी निघाले.

ही गोष्ट आहे एकोणनव्वद सालच्या चैत्रातली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. कोल्हापुरात चित्रकलेची पदविका घेतली होती आणि शाळेत ड्रॉइंगची शिक्षिका व्हायचं सोडून कोकणातल्या एका फळ संशोधन केंद्रात अळ्यांची चित्रं काढायला आले होते. नोकरी हंगामी होती. दर वर्षी सर शिफारस लिहायचे आणि ती पुढे चालू राहायची.

सर म्हणजे डॉ. आत्माराम धुरी. लांब मिशांच्या भुंग्यांवर त्यांनी सारी हयात घालवली होती. भुंगा कोणालाही ओळखता येतो, असं ते म्हणत. एवढ्या लांब मिशा, अंगावर ठिपके, लपून राहत नाही. पण भुंगा होऊन तो बाहेर काही महिनेच असतो. त्याआधी वर्षभर, कधी त्याहून जास्त, तो लाकडाच्या आत अळी होऊन राहतो, आणि ज्याच्या हातात कुऱ्हाड असते त्याच्यासमोर ती अळीच असते. त्या अळ्या सगळ्या सारख्याच दिसतात. पांढऱ्या, मांसल, तोंडाशी तपकिरी. फरक असतो तो डोक्याच्या आकारात, जबड्याच्या धारेत, पाठीवरच्या उंचवट्यांत, आणि डोक्यामागच्या तीन वळ्यांवर असलेल्या किंवा नसलेल्या पायांत. पाय म्हणजे तरी काय, केसाच्या टोकाएवढे. नीट पाहिलं नाही तर नाहीतच.

काजूवर आमच्या भागात मुख्यतः दोन अळ्या यायच्या. एक खोडात राहणारी, लांबट डोक्याची, बिनपायाची. ती तारेने ओढून काढता येते. भोक बुजवलं की झाड बहुतेक वेळा सावरतं. दुसरी मुळाशी राहणारी, आखूड रुंद डोक्याची, तिला ते बारीक पाय असतात. ती लागलेलं झाड वाचत नाही, मुळासकट खणून जाळावं, नाहीतर शेजारची झाडं जातात, असं सरांचं तेव्हाचं मत होतं. आणि सरांचं मत म्हणजे आमच्या जिल्ह्यात शेवटचा शब्द. लोक तंबाखूच्या डब्यांतून, औषधाच्या बाटल्यांतून अळ्या घेऊन यायचे आणि त्यांनी सांगितलं तसं करायचे.

माझं काम त्यांच्या पुस्तकासाठी चित्रं काढण्याचं होतं. आधी पोस्टकार्डाएवढी काढत असे. मग सर म्हणाले, मोठी काढ. मग म्हणाले, अख्खा कागद घे, शाई गडद वापर, छापताना फिकी पडते. गेल्या वर्षभरात तर अळीचं नुसतं डोकंच मी ताटाएवढं काढत होते. चित्र समोर धरून ते मान एका बाजूला कलती करून बघायचे. त्यांनी स्कूटर विकली तेव्हा म्हणाले, कंबर धरते. वहिनी त्यांना सकाळी पेपर वाचून दाखवायच्या, ते मी त्यांच्या घरी जाताना पाहिलं होतं. मला वाटायचं, किती छान जोडपं आहे.

लग्नाहून परतले त्या सकाळी सर केंद्रात आले नव्हते. माझ्या टेबलावर काढायच्या अळ्यांच्या बाटल्या शिपायाने ओळीने मांडून ठेवल्या होत्या, आणि त्यांत ती लाल झाकणाची बाटलीही होती. आता तिच्यात भुशाऐवजी स्पिरिट होतं. मी तीच आधी घेतली. का, ते सांगता येणार नाही. बाईंचा आवाज डोक्यात राहिला असावा.

अळी बशीत काढली, मायक्रोस्कोपखाली धरली आणि काढत गेले. मी काही प्राणिशास्त्र शिकलेली नव्हते. अळी कोणती हे ठरवणं माझं काम नव्हतं, दिसतं ते काढणं एवढंच माझं काम. डोकं काढलं, जबडे काढले, डोक्यामागच्या वळ्या एकेक करून काढल्या. दुपारपर्यंत कागद भरला.

सर आले ते खुशीत होते. पुस्तकाच्या प्रकाशकाचं पत्र आलं होतं. "काय, झालं का लग्न? जेवणावळी झाल्या का?" म्हणत त्यांनी खुर्ची ओढली. मी शाई वाळलेला कागद त्यांच्यासमोर ठेवला.

त्यांनी मान कलती केली आणि क्षणभराने कागदावर बोट ठेवलं.

"वा! हे बघ उल्का, हे डोकं बघ कसं मागे लांब गेलंय, अर्धंअधिक छातीत घुसलेलं. जबड्याची धार तिरकी. आणि इथे, या वळ्यांवर काही आहे? नाही. पाय नाहीत. सुंदर काढलंयस. ही खोडातली. पुस्तकात हिचंच चित्र घालायचं. काजूवरची आहे ना? झाड वाचेल. कोणाची आहे ही?"

"सर, ही धामणखोलच्या बाईंची बाटली आहे."

"कोणत्या बाई?"

"राऊळबाई. मी लग्नाला निघाले त्या दिवशी आल्या होत्या त्या. लाल झाकण."

सरांचं बोट कागदावरच होतं. "नाही," ते म्हणाले. "ती मुळातली होती. मी पाहिली ना."

"मी आत्ता या बाटलीतूनच काढली, सर. बशीत आहे अजून."

ते उठले, माझ्या टेबलापाशी आले, मायक्रोस्कोपवर वाकले. बराच वेळ वाकून राहिले. स्क्रू फिरवला, परत फिरवला. त्यांचं डोकं हळूहळू एका बाजूला कलत गेलं, आणि भिंगातून तर तसं बघता येत नाही. डोळा भिंगावरून सरकला. त्यांनी परत लावला, परत सरकला. मी शेजारी उभी होते आणि मला सगळं कळलं.

"सर, तुम्हाला दिसत नाहीये."

ते सरळ झाले नाहीत. तसेच वाकलेले राहून म्हणाले, "दार लाव."

मी दार लावलं.

"कडेचं दिसतं," ते म्हणाले. "तू दिसतेस, खिडकी दिसते. पण ज्याच्याकडे बघावं ते दिसत नाही. मधोमध राखाडी ठिपका आहे. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय, असं बेळगावचे डॉक्टर म्हणाले. दीड वर्ष झालं." ते खुर्चीवर बसले. "मोठं, काळं काढलं की कडेकडेने बघून जुळवता येतं. तुझी चित्रं वाचून मी ओळखत होतो. एकही निदान चुकलेलं नाही. चित्रावरून केलेलं एकही नाही."

"आणि ही?"

"बाईंनी मुळाशी भुसा म्हटलं, पिवळी पानं म्हटलं. मी ते धरून चाललो." ते थांबले. "भुसा वरून पडून मुळाशीच साठणार, हे काय मला माहीत नव्हतं?"

"त्यांना काय सांगितलंत, सर?"

"जे सांगायचं तेच. लागलेली आणि त्यांना लागून असलेली, सगळी खणून जाळा. पावसाच्या आत." मग खालच्या आवाजात म्हणाले, "कालपासून माणसं लावते म्हणाल्या होत्या."

मी पिशवी उचलली. सर बसूनच होते.

"तू जा," ते म्हणाले. "त्यांना सांग, नमुन्यांची अदलाबदल झाली. केंद्रात इतक्या बाटल्या येतात, होतं असं कधीतरी. काम थांबवा म्हणावं."

"पण अदलाबदल झाली नाही."

"ते तुला आणि मला माहीत आहे."

"सर, मी एकटी गेले तर त्या ऐकणार नाहीत. तुमच्या शब्दावर तोडतायत त्या. माझ्यासारखीने जाऊन थांबा म्हटलं तर का थांबतील?"

हे मी काही धीटपणाने म्हटलं नव्हतं. मला खरंच तसं वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर एकटीने तिथे जायची मला भीती वाटत होती. सर उठले, खुंटीवरची टोपी चाचपून घेतली. "जीप मागायची तर साहेबांना कारण सांगावं लागेल," ते म्हणाले. "फाट्यापर्यंत एसटीने जाऊ."

गाडीत ते खिडकीशी बसले. घाट सुरू झाल्यावर म्हणाले, "त्या बाईंनी विचारलं ना, बघून कळत नाही काय म्हणून. तू गेल्यावर मी त्यांना सांगू शकलो असतो, चार दिवस थांबा. रोज सांगतोच लोकांना. पण त्या तशा म्हणाल्या आणि मला ते सोसवलं नाही."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तू कोणाला सांगणार आहेस का?"

"काय, सर?"

"राहू दे," ते म्हणाले.

फाट्यावर उतरून धामणखोलला चालत जायचं होतं. पायवाट जांभ्या दगडांतून चढत होती. सरांना पायापुढचं दिसत नव्हतं. पहिल्यांदा ठेचकाळले तेव्हा मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. दुसऱ्यांदा घेतला. माझा दंड धरून ते चढत राहिले. वरून करवतीचा आवाज येत होता. आम्हाला दोघांनाही तो ऐकू येत होता.

बाग सड्याच्या उतारावर होती. मधोमध उजाड झालं होतं. आडवी पडलेली झाडं, त्यांच्यावर अजून हिरवी पानं, पानांत काजूचे पिवळे-लाल बोंडू लटकलेले. बुंधे खणून काढलेले खड्डे. एका बाजूला फांद्या रचून ठेवल्या होत्या, जाळायला. दोन गडी एका उभ्या झाडाला करवत लावून बसले होते. द्वारकाबाई पडलेल्या झाडांवरचे बोंडू तोडून टोपलीत टाकत होत्या.

"सर? तुम्ही हय?" त्या धावत आल्या. "बघूक इलात? तुम्ही सांगल्यात तसाच करतंय. ही सगळी रांग आजच्या आज होतली."

"थांबवा," सर म्हणाले. "आधी ती करवत थांबवा."

गड्यांनी हात थांबवले. करवत झाडातच अडकून राहिली.

"कित्याक? काय झाला?"

सरांनी घसा साफ केला. "ही मुळातली अळी नव्हे. खोडातली आहे. झाडं तोडायची गरज नाही. तारेने काढता येईल." आणि मग, जरा थांबून, "नमुन्यांची काहीतरी अदलाबदल झाली."

बाई नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांनी मागे वळून त्या उजाड जागेकडे पाहिलं. मला वाटलं त्या आता ओरडतील. पण त्यांचा हात हळूहळू कपाळाकडे गेला.

"अदलाबदल," त्या म्हणाल्या. "म्हणजे माझ्याकडसूनच. शेजारच्या सुलोचनान पण एक बाटली दिल्यान होती माझ्याकडे, तिच्या फणसातली. गाडीत पिशवी सांडली, सगळा एकत्र झाला. दोन दाखवूक वेळ नाय, तिची तशीच तिका परत दिलंय म्हणान समाधान होता. तीच ती. माझी बाटली तिका नि तिची तुमका." त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारला, मग परत मारला. "माझो घोव म्हणी होतो, घाई करू नको, मी गोव्यासून येतंय, मग बघूया. मी ऐकलंय नाय. माझ्या हातान मी माझी झाडां मारलंय गो बाय! माझ्या हातान!"

गडी उठून उभे राहिले. बाई खाली बसल्या आणि पदर तोंडात कोंबून हुंदके द्यायला लागल्या. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. मी सरांकडे पाहिलं. ते बाईंच्या आवाजाच्या दिशेने तोंड करून उभे होते. कोणी काही म्हणालं नसतं. बाईंनी स्वतःच सगळं आपल्या अंगावर घेतलं होतं. त्या आयुष्यभर घेऊन बसल्या असत्या, आणि आम्ही संध्याकाळच्या गाडीने परत गेलो असतो.

"बाई," सर म्हणाले. "बाई, ऐका. बाटली बदललेली नाही. तुमची बाटली तुमचीच होती. तुमच्याकडून काही चुकलेलं नाही."

बाईंचा हुंदका थांबला.

"मी ती अळी पाहिलीच नाही. मला डोळ्यांनी दिसत नाही. दीड वर्ष झालं, बारीक काही दिसत नाही. तुमच्यासमोर भिंगात बघितल्यासारखं केलं आणि अंदाजाने सांगितलं. चूक माझी आहे. आत्ता अदलाबदल म्हणालो, तेही खोटं."

दोन गड्यांपैकी एकाने डोक्याचं मुंडासं सोडून हातात घेतलं. खालच्या वाडीतून कुत्र्याचा आवाज आला. बाई उठल्या, पदराने तोंड पुसलं आणि सरांच्या अगदी समोर येऊन उभ्या राहिल्या. सरांची मान सवयीने कलती झाली, त्यांना बघायला. बाईंनी ते पाहिलं.

"दिसणा नाय," त्या म्हणाल्या, "तर बघलात कित्याक?"

आवाज चढलेला नव्हता.

"मी काय तुमका मारतलंय होतंय? सांगूचा होता, बाय, दिसणा नाय, थांब. मी थांबलंय असतंय. कळशीन पाणी घालून सात वर्सां थांबलंय, अजून चार दिवस थांबाक माका काय झाला असता?"

सरांनी टोपी काढली आणि हातात धरली. तेवढंच. मला वाटत होतं त्यांनी माफी मागावी. पण आज वाटतं, त्या वेळी माफी मागितली असती तर बाईंना तिचं काहीतरी करावं लागलं असतं.

त्या वळल्या आणि उभ्या झाडांपैकी पहिल्याजवळ गेल्या. "उरलेल्यांचा काय करूचा तां सांगा," पाठमोऱ्याच म्हणाल्या.

सरांनी तार मागितली. एका गड्याने कुंपणाची तार तोडून दिली. सर झाडापाशी गुडघ्यांवर बसले, बुंध्यावरून हात फिरवत गेले, ओला भुसा बोटांना लागला तिथे थांबले. तारेचं टोक वाकवून आकडा केला. पण भोक सापडेना. तार सालीवर घसरत होती, परत परत. त्यांच्या कपाळावर घाम आला. बाई थोडा वेळ बघत राहिल्या, मग खाली बसल्या आणि त्यांच्या हातातून तार घेतली.

"सांगा. खयच्या बाजून?"

"भोकातून वरच्या अंगाला. हळू सरकवा. मऊ लागलं की फिरवा आणि ओढा."

बाईंनी तार सरकवली, फिरवली, ओढली. आकड्याला अडकून अळी बाहेर आली. त्यांनी ती तळहातावर घेतली, उन्हात धरली आणि डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. बराच वेळ पाहिली. मग दगडावर टाकून टाचेखाली चिरडली.

ऊन कलेपर्यंत आम्ही झाडामागून झाड घेत होतो. सर सांगायचे, बाई तार घालायच्या, मी रॉकेलमध्ये भिजवलेला कापूस भोकात कोंबून वर माती थापायची. गडी निघून गेले होते. करवत ज्या झाडात अडकली होती त्या झाडाला अर्ध्यापर्यंत चीर गेली होती. ते वाचेल का, असं बाईंनी विचारलं. सर म्हणाले, नाही. बाईंनी मान हलवली आणि पुढच्या झाडाकडे गेल्या. आम्ही निघालो तेव्हा त्या रचलेल्या फांद्यांकडे बघत उभ्या होत्या. आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि तिकडच्या कोणत्याही घरात असं कधी होत नाही.

दुसऱ्या दिवशी सर केंद्राच्या साहेबांच्या खोलीत गेले. मी बाहेर होते. आतून साहेबांचा आवाज येत होता, धुरी, हे आपल्यात राहू दे, दोन वर्षांनी तुम्ही निवृत्त होणारच आहात. सरांचा आवाज ऐकू आला नाही. पण त्यांनी ते आपल्यात राहू दिलं नाही. त्या आठवड्यात त्यांनी मला दीड वर्षातल्या सगळ्या अळ्या कपाटातून काढायला लावल्या. ज्यांची चित्रं नव्हती त्यांची चित्रं काढायला सांगितली. त्यांत आणखी एक चूक निघाली. कणकवलीकडच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या आंब्याची होती. झाड केव्हाच तोडून सरपणाला गेलं होतं. सर तिथेही गेले, मला घेऊन. त्या गृहस्थांनी चहा दिला, असू दे हो म्हणाले, होतं असं माणसाकडून. परत येताना सरांना ते 'असू दे' जास्त लागलं असावं. घरी पोचेपर्यंत त्यांनी टोपी डोक्यावर घातली नाही.

गावात बोलणं पसरलं. आंधळ्याने बागा तोडायला लावल्या, असं लोक म्हणू लागले. अळ्या घेऊन येणारी माणसं कमी झाली. पुस्तकाच्या प्रकाशकाला सरांनी स्वतःच पत्र लिहिलं, म्हणजे माझ्याकडून लिहवून घेतलं, आणि पुस्तक छापायचं राहिलं. ते राजीनामा देऊन घरी बसले, पण रोज दुपारी वहिनी त्यांना केंद्रात सोडून जायच्या. माझ्या टेबलाशेजारी स्टुलावर बसून ते विचारायचे, काय दिसतंय? मी सांगायची. ते परत विचारायचे, नीट बघ, वळीच्या खाली बघ, केस आहे की पाय? घाईने बोललं की रागवायचे. पूर्वी कधी रागवले नव्हते. असं दीड-दोन वर्षं चाललं. अळ्या ओळखायला मी तशी शिकले. आजही मी तेच काम करते, आणि ठाम वाटेपर्यंत कोणाला काही सांगत नाही. त्यामुळे लोक कंटाळतात.

सर गेले ते त्र्याण्णव साली, साध्या तापाने. त्यानंतरच्या उन्हाळ्यात काजूच्या पाहणीसाठी मला धामणखोलला जावं लागलं. मी जाऊ नये अशी सबब शोधत होते, सापडली नाही.

द्वारकाबाईंनी मला लांबूनच ओळखलं. बागेतली झाडं चांगली वाढली होती, फळाने लगडली होती. मधली जागा मात्र तशीच मोकळी होती. खड्डे बुजले होते, गवत उगवलं होतं.

"इथे काही लावलं नाहीत?" मी विचारलं.

"लावूक मन होईना," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "सर खय आसत?"

"गेले. मागच्या पावसाळ्यात."

त्यांनी समोरच्या झाडाचा एक बोंडू तोडला, बी पिरगाळून वेगळी केली.

"माझ्या झाडांचा कधी काय बोललेत?"

"दरवर्षी विचारायचे," मी सांगितलं. "काजूचे दिवस आले की विचारायचे, राऊळबाईंच्या बागेकडे कोणी गेलं होतं का. उरलेली जगली का."

"मग इले कित्याक नाय?"

त्यांनी बी कमरेच्या ओटीत टाकली आणि मोकळ्या जागेकडे बघत राहिल्या.

"येवचा होता," त्या म्हणाल्या. "मी गाळी घातलंय असतंय तेंका. पण येवचा होता."